‘गूगलने लॉग इन करा’ दाबण्याआधी: नवख्यांसाठी पायरीपायरीने

नवीन ॲप उघडलं की पहिल्याच पडद्यावर दोन-तीन बटणं येतात. गूगलने लॉग इन करा, फेसबुकने लॉग इन करा, मोबाईल नंबर टाका आणि ओटीपी मिळवा. बहुतेक जण त्यातलं मोठं दिसेल ते बटण दाबून पुढे जातात. त्या एका दाबण्यात दोन वेगवेगळी कामं उरकली जातात. एक ओळख पटवण्याचं: कालचा माणूस तो हाच. दुसरं माहिती देण्याचं: नाव, फोटो, ईमेल, नंबर, कधी कधी फोनमधली सगळी संपर्कयादी. ओळख पटवल्याशिवाय ॲपचं चालत नाही, हे खरं. माहिती मात्र बहुतेक वेळा जाहिरातीसाठी हवी असते. ही दोन कामं एकमेकांपासून सोडवायची कशी, हे या लेखात पायरीपायरीने सांगतो.

ज्यांनी नुकताच स्मार्टफोन हातात घेतलाय, जे आईवडिलांचा फोन सांभाळतात किंवा घरून मसाले, साड्या, फराळ विकायला सुरुवात करतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एका रविवारच्या दुपारी फोन हातात घेऊन बसलात तर यातलं बरंचसं होऊन जाईल.

आधी थोडं मागचं

एकच ओळख सगळीकडे चालावी ही कल्पना जुनी आहे. २००५ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन प्रोग्रामरने ओपनआयडी नावाची पद्धत काढली. तुमचा स्वतःचा एक वेब पत्ता, तीच तुमची ओळख, आणि ती कुठल्याही साइटवर चालणार, असा तो विचार होता. ओळख कुठल्या एका कंपनीच्या मालकीची असायची गरज नव्हती. कल्पना चांगली होती, पण सामान्य माणसाला ती किचकट वाटली.

नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने बीकन नावाचा प्रकार आणला. दुसऱ्या साइटवर केलेली खरेदी फेसबुकवर मित्रांना आपोआप दिसायची. एका अमेरिकन गृहस्थाने बायकोला भेट द्यायला ओव्हरस्टॉक या साइटवरून अंगठी घेतली. ती खरेदी फेसबुकने जाहीर करून टाकली आणि बायकोला भेट हातात पडण्याआधीच कळलं. लोक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं, २००९ मध्ये बीकन बंद झालं. पण मधल्या काळात, २००८ मध्ये, फेसबुक कनेक्ट आलं होतं आणि ते टिकलं. फेसबुकच्या नावाने कुठेही लॉग इन करता येऊ लागलं. गूगलचं बटण आलं, २०१९ मध्ये ॲपलनेही आपलं बटण जाहीर केलं. ओळख हिंडू-फिरू लागली, पण ती दोन-तीन कंपन्यांच्या दारातून.

हे चालतं कसं, तेवढं समजून घ्या. तुम्ही बटण दाबलं की ॲप तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवतं. पासवर्ड तुम्ही गूगललाच देता, ॲपला नाही. गूगल ॲपला एवढंच कळवतं की हो, हा माणूस आमच्या ओळखीचा आहे, आणि सोबत तुम्ही मान्य केलेली माहिती देतं. ॲपच्या हाती एक टोकन येतं. किल्ल्यांचं अख्खं जुडगं न देता कामवाल्या मावशींना फक्त पुढच्या दाराची किल्ली द्यावी, तसं ते टोकन. म्हणूनच एखाद्या भुरट्या साइटवर नवा पासवर्ड तयार करण्यापेक्षा हे बटण पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं, हे मी मोकळेपणाने सांगतो. ती साइट फुटली तरी तिथे तुमचा पासवर्ड नसतोच. अडचण इतकीच की पुढच्या दारासोबत कपाटाची किल्लीही मागितली जाते, आणि आपण न वाचता ‘अलाऊ’ म्हणतो.

पायरी पहिली: मूळ खातं पक्कं करा

ज्या जीमेलवर तुमचा फोन चालतो, ते खातं गेलं तर त्याच्या भरवशावर उघडलेली सगळी दारं एकदम बंद होतात. तेव्हा सुरुवात तिथून.

आपल्याकडे फार घरांत दिसणारी गोष्ट म्हणजे हे जीमेल खातं मुळात आपण काढलेलंच नसतं. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने किंवा भाच्याने घाईघाईत काढून दिलेलं असतं. पासवर्ड काय, माहीत नाही. रिकव्हरीला, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, नंबर कुणाचा दिलाय, माहीत नाही. आईबाबांचे फोन उघडून बघा, नक्की सापडेल. फोनच्या सेटिंगमध्ये ‘गूगल’ म्हणून भाग असतो, त्यात ‘गूगल खातं व्यवस्थापित करा’ उघडा आणि ‘सुरक्षा’ या भागात जा. तिथे चार कामं करायची आहेत.

पासवर्ड बदला, आणि तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल बघा; बंद पडलेल्या सिमचा नंबर असेल तर लगेच काढा. ‘तुमची डिव्हाइस’ या यादीत ओळखीचा नसलेला फोन किंवा कॉम्प्युटर दिसला तर तिथून साइन आउट करा. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर ओळखीची दुसरी खूण मागणारी सोय, चालू करा आणि फोन हाताशी नसताना आत शिरायला लागणारे बॅकअप कोड घ्या. गूगल आठ आकडी दहा कोड देतं. ते फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. फोनच हरवला तर उपयोग काय? कागदावर लिहा आणि बँकेच्या पासबुकासोबत ठेवा.

पायरी दुसरी: आतापर्यंत कुठे कुठे ‘हो’ म्हटलंय ते बघा

त्याच ‘सुरक्षा’ भागात खाली तिसऱ्या पक्षाच्या ॲप आणि सेवांची यादी असते. फेसबुकच्या सेटिंगमध्ये तीच गोष्ट ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ या नावाने सापडते. आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून आत गेलात की ‘साइन इन विथ ॲपल’ची यादी मिळते. मेन्यूंची नावं आणि जागा दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून सापडलं नाही तर सेटिंगमधल्या शोधपट्टीत ‘ॲप्स’ टाका.

यादी बघून बहुतेकांना धक्का बसतो. कधीतरी खेळलेला गेम, लग्नपत्रिका बनवायला घेतलेलं ॲप, ‘म्हातारपणी तुम्ही कसे दिसाल’ सांगणारा फिल्टर, सगळे अजून आत बसलेले असतात. वापरत नसाल ते काढून टाका.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यादीतून ॲप काढलं म्हणजे त्याचा पुढचा प्रवेश थांबला. त्याने आधी नेलेली माहिती त्याच्याकडेच राहते आणि तिथलं तुमचं खातंही तसंच राहतं. माहिती पुसायची असेल तर आधी त्या ॲपमध्ये जाऊन ‘खातं हटवा’ करायचं आणि मग इथला धागा तोडायचा. उलट क्रमाने केलंत तर त्या खात्यात शिरायलाच त्रास होतो.

पायरी तिसरी: परवानगीचा पडदा वाचायला शिका

कागदपत्रं स्कॅन करून पीडीएफ बनवणारं ॲप घ्या. ‘गूगलने लॉग इन करा’ दाबलं. पहिला पडदा सांगतो: तुमचं नाव, प्रोफाइल फोटो आणि ईमेल पत्ता या ॲपला दिला जाईल. ठीक आहे, ओळखीपुरतं आहे. मग दुसरा पडदा येतो, त्यावर छोटे चौकोन आणि पुढे मजकूर: तुमच्या गूगल ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल बघणं, बदलणं, नवीन तयार करणं आणि हटवणं. त्याखाली दुसरा चौकोन: तुमचे संपर्क बघणं, बदलणं, डाउनलोड करणं आणि कायमचे हटवणं.

असा पडदा आला की फक्त क्रियापदं वाचा. बघणं, बदलणं, डाउनलोड करणं, हटवणं. स्कॅन केलेली पीडीएफ ड्राइव्हमध्ये ठेवायला एक नवीन फाइल तयार करता आली तरी पुरतं. सगळ्या फाइल हटवायचा अधिकार कशाला? आणि संपर्कयादीचा स्कॅनिंगशी काय संबंध? चौकोन मोकळे ठेवूनही पुष्कळ ॲप चालतात. मोकळे ठेवून चालत नसेल तर दुसरं ॲप शोधा. स्कॅनिंगची सोय तर ड्राइव्हच्या स्वतःच्या ॲपमध्येही आहे.

संपर्कयादीबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे, कारण ती फक्त तुमची नसते. तिच्यात तुमच्या मावशीचा नंबर आहे, डॉक्टरांचा आहे, मुलीच्या शाळेतल्या बाईंचा आहे. त्यांना कुणी विचारलेलं नाही. केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हा हेच दिसलं. ‘धिस इज युअर डिजिटल लाइफ’ नावाची एक प्रश्नावली फेसबुक लॉग इनवर चालायची, आणि त्या काळच्या नियमांनुसार ती भरणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती तिला मिळायची. तीच माहिती पुढे या कंपनीकडे गेली. भारतात ते ॲप घेतलेले लोक होते फक्त ३३५. पण ज्यांची माहिती त्यातून गेली असण्याची शक्यता होती अशा भारतीयांचा आकडा फेसबुकने दिला ५,६२,४५५. सव्वातीनशे-साडेतीनशे लोकांच्या ‘अलाऊ’मुळे साडेपाच लाखांहून जास्त माणसं त्यात ओढली गेली. जगभरचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत होता. मित्रांची माहिती अशी घाऊक नेण्याची वाट फेसबुकने नंतर बंद केली, पण फोनमधली संपर्कयादी मागणारी ॲप आजही भरपूर आहेत.

पायरी चौथी: मोबाईल नंबर जपा, आपल्याकडे खरी ओळख तीच

पाश्चात्त्य देशांत हा विषय निघाला की चर्चा ईमेलभोवती आणि फेसबुकभोवती फिरते. आपल्याकडे तसं नाही. इथे बँक, आधार, गॅसचं बुकिंग, व्हॉट्सॲप, यूपीआय, रेल्वेचं तिकीट, सगळं दहा आकड्यांवर चालतं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, आणि तेव्हापासून माणसं एकच नंबर वर्षानुवर्षं ठेवतात. ब्रँडला याहून सोयीचं काही नाही. नाव एकसारखं दोघांचं असू शकतं, पत्ता बदलतो, ईमेल लोक विसरतात. नंबर तोच राहतो, आणि तो एकट्या तुमचा असतो.

म्हणून तर कपड्यांच्या दुकानात बिल करताना काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणते, “मोबाईल नंबर?” आणि आपण पाठ असल्यासारखा सांगून टाकतो, मागे रांगेत उभ्या असलेल्या चार जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बिलासाठी नंबर लागत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्ट बजावलं होतं की नंबर दिला नाही म्हणून विक्री नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा शांतपणे सांगायचं, “नंबर नको, कागदी बिल द्या.” सिस्टिम पुढे जात नाही असं उत्तर आलं तर मॅनेजरला बोलवा म्हणायचं, बहुतेक ठिकाणी सिस्टिम लगेच पुढे जाते. काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नका, तिला नंबर गोळा करायला वरून सांगितलेलं असतं.

शक्य असेल तर दुसरं सिम घ्या. एक नंबर बँक, आधार, डिजिलॉकर आणि घरची माणसं यांच्यासाठी. दुसरा खरेदी, कुरिअर, ऑफर, नोंदणी यांच्यासाठी. कमीत कमी रिचार्जचा थोडा खर्च येतो, पण बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर पिझ्झावाल्याच्या यादीत नसणं ही मोठी गोष्ट आहे. जाहिरातींचे मेसेज थांबवायला १९०९ वर ‘स्टार्ट ०’ हा मेसेज पाठवायचा, शब्द इंग्रजीत. तरीही मेसेज येत राहिले तर त्याच नंबरवर तक्रार करता येते. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन ‘पी’ हे इंग्रजी अक्षर दिसलं तर तो जाहिरातीचा मेसेज समजायचा.

आता नंबर सोडण्याबद्दल, कारण याची कुणालाच आठवण राहत नाही. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. माझ्या शेजारी एका मुलाने नवीन सिम घेतलं, तर त्याला आधीच्या मालकाच्या कर्जाचे हप्ते, लॅबच्या रिपोर्टची लिंक, घरी येणाऱ्या पार्सलचा ओटीपी असं सगळं येऊ लागलं. मुलगा सरळ होता म्हणून निभावलं. नंबर सोडण्याआधी बँक, आधार, जीमेलची रिकव्हरी, यूपीआय या सगळ्यांत नवा नंबर घाला, व्हॉट्सॲपमध्ये ‘नंबर बदला’ ही सोय वापरा, आणि मगच सिम बंद करा. घरात कुणी वारलं तर त्यांचं सिम लगेच बंद होऊ देऊ नका. खाती मिटेपर्यंत रिचार्ज करत राहा.

यूपीआयकडेही एक नजर टाका. पुष्कळ ॲप आपोआप जो यूपीआय आयडी बनवतात त्यात तुमचा मोबाईल नंबरच असतो. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, अनोळखी विक्रेत्याला तो दिसू शकतो. ॲपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करा आणि तोच मुख्य ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये प्रोफाइल फोटो आणि ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ हे दोन्ही ‘माझे संपर्क’वर ठेवा. बायकांनी आणि मुलींनी हे आजच करावं.

पायरी पाचवी: ईमेलचे कप्पे करा

हे काम पाच मिनिटांचं. बँक आणि सरकारी कामासाठी एक पत्ता, खरेदी आणि नोंदण्यांसाठी दुसरा. जीमेलमध्ये आणखी एक सोय आहे: पत्त्यातल्या ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव घातलं तरी मेल तुमच्याकडेच येतो. उद्या त्या खुणेच्या पत्त्यावर भलत्याच कंपनीची जाहिरात आली तर पत्ता कुठून फुटला ते कळतं. काही साइट ते चिन्ह स्वीकारत नाहीत. आयफोनवाल्यांनी ॲपलच्या बटणातला ‘माझा ईमेल लपवा’ हा पर्याय वापरावा. ॲपला खोटा वाटणारा पण चालणारा पत्ता मिळतो आणि हवा तेव्हा तो बंद करता येतो.

पायरी सहावी: जाहिरातीचा धागा ओळखा आणि सैल करा

दुकानात नंबर दिला आणि संध्याकाळी त्याच दुकानाची जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली, की लोक म्हणतात फोन आपलं बोलणं ऐकतो. त्यासाठी ऐकायची गरजच पडत नाही. दुकान ग्राहकांच्या नंबरांची यादी मेटाकडे (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणारी कंपनी) किंवा गूगलकडे चढवतं. चढवताना प्रत्येक नंबराचं गणिती रूपांतर होऊन अक्षरांची एक लांबलचक माळ बनते, तिला हॅश म्हणतात. हॅशवरून नंबर सहज वाचता येत नाही. पण त्याच नंबराची हॅश दर वेळी तीच येते. इन्स्टाग्रामला तुम्ही तोच नंबर दिलेला असतो, त्याचीही हॅश काढली जाते, दोन माळा जुळल्या की माणूस सापडला. मग त्याच्याचसारखी खरेदी करणारी आणखी माणसं शोधून द्या, असंही ब्रँड सांगू शकतो.

म्हणून चौथ्या आणि पाचव्या पायरीला एवढं महत्त्व. दोन ठिकाणी दोन वेगळे नंबर असले तर हा जोड बसत नाही.

सेटिंगमध्ये करण्यासारखं असं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘मेटाच्या बाहेरची तुमची ॲक्टिव्हिटी’ शोधा. कुठल्या साइट आणि ॲपनी तुमच्याबद्दल काय कळवलं त्याची यादी तिथे दिसते. ती साफ करा आणि पुढची जोडणी बंद करा. गूगलच्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलखाली ‘जाहिराती’त जाऊन जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातदार तुमचा फोन ज्याने ओळखतात तो क्रमांक, हटवा. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून ॲप माग काढण्याची परवानगी विचारतं, तिथे नाही म्हणा. जाहिराती यानंतरही येतील, फक्त त्या तुमच्या मागावर तितक्या नसतील.

पायरी सातवी: तुम्ही विकणारे असाल तर

दिवाळीच्या आधी प्रत्येक गल्लीत फराळाच्या ऑर्डरींचे ग्रुप सुरू होतात. चकली, अनारसे, भाजणीचे दर, खाली नाव. ज्या बाया हे कष्टाने उभं करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा भाग सविस्तर लिहितो. छोटा व्यवसाय लोकांच्या विश्वासावर चालतो. ग्राहकाचा नंबर तुमच्याकडून फुटला तर तो परत येत नाही.

सगळ्यात आधी तो व्हॉट्सॲप ग्रुप बंद करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. दीडशे ग्राहक असतील तर दीडशे कुटुंबांचे नंबर तुम्ही एकमेकांना वाटलेत, आणि त्यातला एखादा विमा एजंट किंवा त्याहून वाईट कुणी ती यादी उचलून नेऊ शकतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो, कुणालाही दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज मिळतो, ही अट मला उलट चांगली वाटते. ज्याला खरंच हवंय तोच यादीत राहतो. ग्राहक वाढले तर व्हॉट्सॲप चॅनेल काढा, भारतात ते सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. त्यात फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

स्वतःचा घरचा नंबर जाहिरातीवर छापू नका. व्यवसायाला वेगळं सिम आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. प्रोफाइलला स्वतःचा किंवा मुलांचा फोटो न लावता मालाचा किंवा बोर्डाचा लावा. पत्त्यात सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर न देता परिसर आणि जवळची ओळखीची खूण द्या. नेमका पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर सांगा. इन्स्टाग्रामवर दुकानाचं खातं वेगळं काढा, आणि ते जीमेलच्या वेगळ्या पत्त्याने. पुढेमागे कुणी मदतनीस ठेवला तर त्याला दुकानाचं खातं देता येईल, घरचे फोटो नाही.

ऑर्डर घ्यायला पुष्कळ जण गूगल फॉर्म वापरतात. फॉर्म चांगला, पण त्याची उत्तरं ज्या शीटमध्ये जमतात ती ‘लिंक असलेला कोणीही’ अशी शेअर केलेली असते, कारण पुतण्याला हिशोब करायचा होता. शीट उघडा, वर ‘शेअर’ दाबा, ‘प्रतिबंधित’ करा आणि पुतण्याचा ईमेल घाला. जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस असं विचारू नका, चकलीच्या ऑर्डरला ते लागत नाही. फॉर्मच्या तळाशी साध्या मराठीत दोन ओळी लिहा: हा नंबर ऑर्डर पोचवण्यासाठी घेतोय, पुढच्या ऑफर हव्या असतील तर ‘हो’ निवडा, नको असतील तेव्हा कळवा, नाव काढू. आणि कुणी कळवलं तर खरंच काढा. हंगाम संपला, हिशोब मिटला, की पत्त्यांचा रकाना पुसून टाका.

यामागे कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. माहिती कशासाठी घेतली ते सांगणं, संमती जितक्या सोप्या पद्धतीने घेतली तितक्याच सोप्या पद्धतीने ती मागे घेऊ देणं, काम संपल्यावर माहिती पुसणं, हा त्याचा गाभा. संमतीचा मजकूर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागता येतो, म्हणजे मराठीतही. माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

पायरी आठवी: उद्या बिऱ्हाड हलवता येईल असं बसवा

२९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं-मुली तोवर तिथे नाव कमावून बसली होती. व्हिडिओ ज्यांनी फोनमध्ये ठेवले होते त्यांचे वाचले, पण फॉलोअर कुणालाच सोबत नेता आले नाहीत. दुसऱ्या ॲपवर पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्याआधी ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं होतं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ॲप बंद पडायला सरकारी बंदीच लागते असं नाही.

तेव्हा तीन गोष्टी करा. वर्षातून एकदा गूगल टेकआउट वापरून आपले फोटो, संपर्क, मेल उतरवून घ्या, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामची ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ ही सोयही वापरा. मोठी फाइल येते, म्हणून वायफायवर आणि हार्डडिस्कवर. दुसरं, व्यवसाय असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब पत्ता, घ्या. डॉट इन घ्या, किंवा देवनागरीत डॉट भारतही मिळतं, ते २०१४ पासून आहे. दुकानाच्या पिशवीवर, बिलावर इन्स्टाग्रामचं नाव छापण्यापेक्षा तो पत्ता छापा. आज तो इन्स्टाग्रामकडे वळवा, उद्या दुसरीकडे. नूतनीकरणाची तारीख मात्र चुकवू नका. तिसरं, महत्त्वाच्या प्रत्येक खात्यात गूगलच्या बटणाशिवाय आत शिरण्याचा दुसरा मार्ग ठेवा: पासवर्ड किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी किल्ली).

मॅस्टोडॉनसारख्या, कुठल्या एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या आणि अनेक सर्व्हरवर चालणाऱ्या नव्या जाळ्यांत एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना फॉलोअर सोबत नेता येतात, पोस्ट मात्र मागेच राहतात. ज्यांना यात रस आहे त्यांनी एक खातं काढून बघावं. सध्या घरचे, ग्राहक आणि मित्र तिथे नाहीत, त्यामुळे नवख्यांनी तिथून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही.

कुठे बिनसलं तर

पैसे गेले तर पहिल्या तासातच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवता येते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं, आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तो बंद करायची विनंती करता येते. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम खातं कुणी बळकावलं तर आधी मूळ जीमेल सुरक्षित आहे का ते तपासा, मग खातं परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू करा, आणि दुसऱ्या नंबरवरून ओळखीच्यांना कळवा की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. कंपनीने माहिती पुसायला नकार दिला तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा. त्याचं नाव आणि पत्ता सहसा ॲपच्या गोपनीयता धोरणात खाली असतो.